क्रांतीपासून पश्चिमविस्तारापर्यंत : साताऱ्यातील एका व्याख्यानवर्गाचे परीक्षण

साताऱ्यात राजवाड्याच्या परिसरातील एका खाजगी अभ्यासवर्गाने यंदाच्या पावसाळ्यात अमेरिकेच्या आरंभीच्या इतिहासावर मराठीतून आठ व्याख्यानांची माला चालवली. 1763 च्या पॅरिसच्या तहापासून मेक्सिकोशी झालेले युद्ध संपवणाऱ्या 1848 च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहापर्यंतचा राजकीय आणि लष्करी इतिहास तीत घेतलेला होता. दर रविवारी सकाळी दोन तासांचे व्याख्यान, मध्ये चहापुरती विश्रांती आणि शुल्क 1800 रुपये असे तिचे स्वरूप होते. या शुल्कात छापील टिपणांची पुस्तिका आणि घडीच्या नकाशांचा संच मिळतो. शुल्क भरून शेवटपर्यंत बसलेला श्रोता या नात्याने सांगायचे तर पहिली पाच व्याख्याने या रकमेच्या दुप्पट मोलाची आहेत, आणि शेवटची तीन, सर्व साहित्य हाताशी असूनही, अर्ध्यावर सोडल्यासारखी आहेत. दोन्ही गोष्टींची कारणे एकाच व्याख्यात्यांच्या एकाच पद्धतीत सापडतात, म्हणून ती सविस्तर मांडणे योग्य ठरेल.

श्रोत्यांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली निम्म्याहून अधिक होती. उरलेल्यांत निवृत्त शिक्षक, एक-दोन वकील आणि ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत असे काही पालक होते. अशा मिश्र वर्गाला धरून ठेवणे सोपे नसते. व्याख्याते निवृत्त प्राध्यापक असून त्यांनी त्यासाठी एक युक्ती योजली आहे. प्रत्येक मोहिमेचे वर्णन सुरू करण्यापूर्वी ते फळ्यावर चार प्रश्न लिहितात : माणसे किती, त्यांना रोज काय लागते, ते कोठून येणार आणि त्याचे पैसे कोण देणार. सेनापतींच्या शौर्याच्या गोष्टी सांगून टाळ्या घेण्याचा मोह ते पूर्णपणे टाळतात, आणि त्यामुळे परीक्षेसाठी सनावळी पाठ करून आलेल्या विद्यार्थ्यांनाही पहिल्याच दिवशी इतिहासाचा वेगळा अंदाज येतो.

क्रांतीच्या कारणांचा भाग ते झपाट्याने घेतात, आणि ते ठीकच आहे, कारण हा भाग बहुतेकांनी शाळेत वाचलेला असतो. सप्तवार्षिक युद्धात ब्रिटनने फ्रान्सकडून कॅनडा जिंकला, पण त्यापायी सरकारी कर्ज इतके वाढले की अमेरिकेतील वसाहतींनी आपल्या संरक्षणाचा काही भार उचलावा असे लंडनला वाटू लागले. त्याच 1763 मध्ये राजाने घोषणापत्र काढून ॲपलाचियन पर्वतरांगेच्या पश्चिमेस वस्ती करण्यास वसाहतवाल्यांना मनाई केली. 1765 चा मुद्रांक कायदा, त्याची पुढील वर्षी झालेली माघार, 1767 चे टाउनशेंड कर आणि 1773 चा चहा कायदा ही साखळी व्याख्यात्यांनी एका तासात उलगडली. 16 डिसेंबर 1773 रोजी बॉस्टनच्या बंदरात ज्या 342 पेट्या पाण्यात गेल्या, त्यांतील चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता आणि नव्या कायद्यामुळे तो महाग नव्हे तर स्वस्त झाला होता, ही गोष्ट अनेकांना नवी होती. विरोध किमतीला नव्हता, कंपनीच्या मक्तेदारीला आणि प्रतिनिधित्वाविना कर बसवण्याच्या हक्काला होता. हीच कंपनी 1765 मध्ये बंगालची दिवाणी मिळवून बसली होती, हे त्यांनी जाता जाता सांगितले. त्यावर थोडे थांबायला हवे होते असे वाटले, पण वेळेच्या दृष्टीने ते पुढे गेले.

खरा वर्ग सुरू होतो तो युद्धापासून. 19 एप्रिल 1775 रोजी लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे पहिल्या गोळ्या झाडल्या गेल्या, आणि जूनमध्ये काँटिनेंटल काँग्रेसने जॉर्ज वॉशिंग्टन यांना सरसेनापती नेमले. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन यांना कळले की बॉस्टनला वेढा घालून बसलेल्या आपल्या फौजेकडे माणशी जेमतेम नऊ बार निघतील एवढीच दारू आहे. व्याख्यात्यांनी येथे दहा मिनिटे खर्च केली, आणि ती सार्थकी लागली. दारूसाठी सोरा लागतो, सोरा काढण्याचे कसब वसाहतींत फारच थोडे होते, आणि म्हणून युद्धाच्या पहिल्या टप्प्यातील बहुतांश दारू किंवा तिचा सोरा परदेशातून, मुख्यतः फ्रेंच मार्गाने, आणावा लागला. फ्रान्सने उघडपणे मैत्रीचा तह करण्यापूर्वी दोन वर्षे ही गुप्त रसद चालू होती, हे एकदा समजले की 1778 चा तह आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

त्यानंतरचा हेन्री नॉक्सचा प्रसंग या मालेतील सर्वांत उत्तम भाग म्हणता येईल. नॉक्स हा बॉस्टनचा पुस्तकविक्रेता, तोफखान्याचे ज्ञान त्याने पुस्तकांतूनच मिळवलेले. 1775 च्या डिसेंबरात तो टिकॉन्डरोगाच्या किल्ल्यावर गेला आणि तेथील सुमारे साठ तोफा घसरगाड्यांवर लादून, बैल आणि घोडे जुंपून, बर्फातून आणि गोठलेल्या नद्यांवरून जवळजवळ 480 किलोमीटर दूर बॉस्टनपाशी घेऊन आला. मार्च 1776 मध्ये या तोफा एका रात्रीत डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढवल्या गेल्या आणि 17 मार्चला इंग्रजांनी शहर रिकामे केले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना उंचावरच्या तोफेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. व्याख्यात्यांनी मात्र तोफांपेक्षा बैलांच्या चाऱ्याचा, बर्फ पातळ निघाल्याने पाण्यात गेलेल्या तोफेचा आणि ती पुन्हा वर काढण्याचा हिशेब मांडला, आणि सभागृहात त्या वेळी कोणी मोबाइल पाहत नव्हते.

साराटोगाची मोहीमही अशीच रस्त्याच्या अंगाने सांगितली गेली. कॅनडातून शँप्लेन सरोवराच्या मार्गाने उतरणारा सेनापती बर्गॉइन बरोबर मोठा तोफखाना आणि अवजड सामान घेऊन निघाला होता. अमेरिकनांनी जंगलातील वाट झाडे पाडून अडवली, पूल मोडले, ओढ्यांचे पाणी वाटेवर वळवले, आणि त्या थोड्याशा अंतराला त्याला आठवडेच्या आठवडे लागले. घोडे आणि धान्य मिळवण्यासाठी त्याने बेनिंग्टनकडे पाठवलेली तुकडी ऑगस्ट 1777 मध्ये कापली गेली, आणि 17 ऑक्टोबर 1777 रोजी त्याने उरलेल्या सुमारे सहा हजार माणसांसह शरणागती पत्करली. व्हॅली फोर्जच्या छावणीचे वर्णनही या पद्धतीमुळे भाबड्या देशभक्तीत वाहून गेले नाही. 1777-78 च्या हिवाळ्यात तेथे एकही लढाई झाली नाही, तरीही सुमारे दोन हजार माणसे मुख्यतः रोगराईने मेली, आणि अडचण धान्याच्या तुटवड्यापेक्षा गाड्या, गाडीवान आणि पैसे यांच्या तुटवड्याची अधिक होती. मार्च 1778 मध्ये नॅथॅनिएल ग्रीनसारख्या लढवय्याला रसदखात्याचा प्रमुख करण्यात आले आणि छावणीची स्थिती सुधारू लागली. प्रशियन अधिकारी फॉन श्टॉयबेनने सैन्याला शिकवलेली कवायत सर्वांना ठाऊक असते, ग्रीनच्या गाड्या फारशा कोणाला ठाऊक नसतात. त्याआधीच, 1777 च्या आरंभी, वॉशिंग्टन यांनी सैन्याला देवी टोचून घेण्याचा आदेश दिला होता आणि तो निर्णय एखाद्या जिंकलेल्या लढाईइतका महत्त्वाचा ठरला, हे मतही येथे पटण्याजोगे मांडले गेले.

चौथ्या व्याख्यानात दक्षिणेतील मोहीम आणि यॉर्कटाउन आले. मे 1780 मध्ये चार्ल्सटन पडले, ऑगस्टमध्ये कॅमडेनला दाणादाण उडाली, आणि मग किंग्ज माउंटन व काउपेन्स या दोन लढायांनी वारे फिरले. ग्रीनने इंग्रजांना पाठलागावर नेऊन दमवले, स्वतः लढाया हरत राहिला आणि मोहीम मात्र जिंकला, हे ऐकताना साताऱ्यातील श्रोत्यांच्या मनात गनिमी कावा आल्याशिवाय राहिला नाही. तसा प्रश्नही आला. व्याख्यात्यांनी ती तुलना सावधपणे स्वीकारली, पण ग्रीनच्या मागे किल्ल्यांची साखळी नव्हती, नद्या आणि होड्या होत्या, एवढे नेमके अंतर दाखवले. यॉर्कटाउनच्या बाबतीत 5 सप्टेंबर 1781 ची चेसापीकची आरमारी लढाई निर्णायक होती हे त्यांनी ठासून सांगितले. द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने खाडीचे तोंड बंद केले नसते, आणि त्याने हवानातून जमवून आणलेली रोकड मिळाली नसती, तर वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो यांची न्यूयॉर्कच्या परिसरातून व्हर्जिनियापर्यंतची लांबलचक दौड व्यर्थ गेली असती. 19 ऑक्टोबर 1781 रोजी इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सात हजारांहून अधिक माणसांनी शस्त्रे खाली ठेवली.

याच कॉर्नवॉलिसविषयी एक गोष्ट वर्गात यायला हवी होती, ती आली नाही. 1786 मध्ये तो हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि 1791 मध्ये टिपूवर चालून गेला असताना श्रीरंगपट्टणजवळ त्याच्या फौजेची उपासमार झाली. बैल मेल्यामुळे त्याला वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्या हाताने नष्ट कराव्या लागल्या. त्या अवस्थेत त्याला येऊन मिळाली ती हरिपंत फडके आणि तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज, आणि तिच्याबरोबरचा भरगच्च बाजार. त्या बाजारातील चढे भाव इंग्रजांना मुकाट्याने द्यावे लागले. चार प्रश्न फळ्यावर लिहिणाऱ्या व्याख्यात्यांना याहून चपखल उदाहरण मिळणे कठीण, आणि सातारा-सांगलीच्या श्रोत्यांना तर ते घरचेच आहे. इंग्रज अमेरिकेत लढत होते त्याच वर्षांत, 1775 ते 1782, मराठ्यांशीही लढत होते, जानेवारी 1779 मध्ये वडगावला त्यांना मानहानीचा करार करावा लागला आणि मे 1782 मध्ये सालबाईचा तह झाला. हा समकालीन पट मांडण्यासाठी अर्धा तास पुरला असता.

युद्धाच्या व्याख्यानांतील एक त्रुटी मात्र पुढच्या मोठ्या उणिवेची पूर्वसूचना देणारी आहे. 1779 मध्ये वॉशिंग्टन यांच्या आदेशावरून सेनापती सलिव्हन याने मूळनिवासी इरोक्वॉय लोकांच्या मुलखात शिरून सुमारे चाळीस गावे जाळली, उभी मक्याची पिके तोडली आणि फळबागा उद्ध्वस्त केल्या. ही रसदेवरच चालवलेली मोहीम होती, म्हणजे व्याख्यात्यांच्या चारही प्रश्नांचे उत्तर उलट्या बाजूने देणारी. पुस्तिकेत तिला दोन ओळी आहेत आणि व्याख्यानात एकही वाक्य मिळाले नाही. इरोक्वॉयांच्या सहा राष्ट्रांत या युद्धाने फूट पडली, काही इंग्रजांकडून तर काही अमेरिकनांकडून लढले, याचाही उल्लेख झाला नाही. व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने नोव्हेंबर 1775 मध्ये बंडखोरांच्या गुलामांना राजाच्या सैन्यात आल्यास मुक्तीचे वचन दिले होते, तो भाग तेवढा आला, आणि चांगला आला.

पाचवे व्याख्यान राज्यघटनेचे. येथे परीक्षार्थींची वह्या भरण्याची घाई दिसत होती आणि व्याख्यात्यांनी तिला थोडी दादही दिली. तरीही पैशाचा धागा त्यांनी सोडला नाही. युद्धात छापलेल्या नोटा कवडीमोल झाल्या होत्या, राज्यसंघाच्या पहिल्या कायद्यानुसार मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता, आणि 1786-87 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली न्यायालये बंद पाडली. 1787 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जमलेल्या 55 प्रतिनिधींपैकी 39 जणांनी सही केलेली घटना ही या भीतीतूनही जन्मली होती. अर्थमंत्री हॅमिल्टनने राज्यांची युद्धकर्जे केंद्राच्या अंगावर घेतली आणि त्या बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीच्या काठी गेली, हा 1790 चा सौदा त्यांनी असा रंगवला की मागच्या बाकावरच्या निवृत्त वकिलांनी मोठ्याने हसून दाद दिली.

गुलामांची गणना प्रतिनिधित्वासाठी तीन-पंचमांश धरण्याची तडजोड मात्र त्यांनी एका वाक्यात उरकली. 1790 च्या पहिल्या जनगणनेत 39 लाख लोकसंख्येपैकी सुमारे सात लाख माणसे गुलाम होती, आणि 1850 पर्यंत ती संख्या बत्तीस लाखांवर गेली. कापसाच्या सरकी काढण्याच्या यंत्राने आणि पश्चिमेकडच्या नव्या जमिनींनी ती वाढवली. हे आकडे सांगितल्याशिवाय पुढील पश्चिमविस्तार कळत नाही, कारण टेक्ससपर्यंतच्या प्रत्येक नव्या मुलखाचा प्रश्न अखेर तेथे गुलामी असावी की नसावी याच्यापाशी येऊन थांबत होता. स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या थॉमस पेन यांच्या जानेवारी 1776 मधील पत्रकावर पंधरा मिनिटे बोलणाऱ्या व्याख्यात्यांनी, ज्यांचे मूळ घराणे आपल्या जिल्ह्यातील कटगुणचे त्या जोतीराव फुल्यांनी पेन यांचे लेखन वाचले होते आणि 1873 मधील ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, हे सांगू नये याचे आश्चर्य वाटले.

सहाव्या व्याख्यानाची सुरुवात तरीही दमदार झाली. 1785 च्या जमीन अधिनियमाने ओहायोच्या पलीकडचा प्रदेश सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकटींत आखायचा, प्रत्येक चौकटीचे 640 एकरांचे 36 भाग करायचे आणि त्यांतील सोळावा भाग शाळेसाठी राखायचा, असे ठरले. मोजणीची साखळी 66 फुटांची होती. आपला गुंठा 33 फूट लांबी-रुंदीचा, म्हणजे बरोबर अर्ध्या साखळीचा चौरस. हा धागा व्याख्यात्यांनी दाखवताच तलाठ्याच्या दप्तराशी संबंध आलेले अनेक जण सरसावून बसले. जमीन विकून युद्धकर्ज फेडायचे हा त्यामागचा हेतू आणि 1787 च्या वायव्य प्रदेशाच्या अधिनियमातील नवी राज्ये समान दर्जाने संघात घेण्याची तरतूद, दोन्ही नीट समजले.

पण ज्या जमिनीची ही आखणी चालली होती तिच्यावर कोण राहत होते, हा प्रश्न फळ्यावर आला नाही. 4 नोव्हेंबर 1791 रोजी मियामी या मूळनिवासी राष्ट्राचा लिटल टर्टल आणि शॉनी राष्ट्राचा ब्लू जॅकेट यांच्या फौजेने सेनापती सेंट क्लेअरच्या सैन्याचा असा फडशा पाडला की सहाशेहून अधिक सैनिक मारले गेले. मूळनिवासी राष्ट्रांनी अमेरिकी सैन्याला दिलेला हा सर्वांत मोठा पराभव होय. त्याची चौकशी काँग्रेसने केली तेव्हा दोष निघाला तो रसदखात्याचा आणि ठेकेदारांचा, निकृष्ट सामान आणि उशिरा पोहोचलेले धान्य. व्याख्यात्यांच्या पद्धतीला याहून सोयीची लढाई संपूर्ण काळात दुसरी नसावी. ती त्यांनी अक्षरशः एका श्वासात सांगून 1794 च्या फॉलन टिंबर्सच्या विजयाकडे आणि 1795 च्या ग्रीनव्हिल तहाकडे उडी घेतली. हरलेल्यांची रसद मोजायची नाही, आणि जिंकलेले जर मूळनिवासी असतील तर त्यांचीही मोजायची नाही, असा हा प्रकार झाला.

सातव्या व्याख्यानात 1803 ची लुइझियाना खरेदी आली. दीड कोटी डॉलर, 8 लाख चौरस मैलांहून अधिक प्रदेश, आणि हैतीतील गुलामांच्या बंडाने व तेथील पीतज्वराने फ्रेंच फौज संपल्यामुळे विकायला तयार झालेला नेपोलियन, हे सगळे व्यवस्थित झाले. त्या प्रदेशाच्या बहुतांश भागावर फ्रान्सचा प्रत्यक्ष ताबा कधीच नव्हता, फक्त दावा होता, हे मात्र श्रोत्यांपैकी एका मुलीने विचारले म्हणून कळले. ब्रिटनशी झालेल्या 1812 च्या युद्धावर फार वेळ गेला नाही आणि जायलाही नको होता. वॉशिंग्टन शहर 24 ऑगस्ट 1814 रोजी जाळले गेले, तह 24 डिसेंबरला झाला आणि त्यानंतर, 8 जानेवारी 1815 रोजी, न्यू ऑर्लिन्सची प्रसिद्ध लढाई झाली, एवढे पुरेसे होते. शॉनी नेता टेकमसे याने उभ्या केलेल्या मूळनिवासींच्या संघाला आणि ऑक्टोबर 1813 मधील त्याच्या मृत्यूला तरी पंधरा मिनिटे द्यायला हवी होती, कारण त्याच्याबरोबर ओहायो ते मिसिसिपीच्या पट्ट्यात संघटित प्रतिकाराची आशा संपली.

आता शेवटच्या व्याख्यानाकडे. मूळनिवासींना मिसिसिपीच्या पश्चिमेस हलवण्याचा 28 मे 1830 चा स्थलांतर कायदा प्रतिनिधीगृहात 102 विरुद्ध 97 अशा काठावरच्या मतांनी मंजूर झाला, हे व्याख्यात्यांनी सांगितले. चेरोकी लोकांची ‘अश्रूंची वाट’ आणि सोळा हजारांपैकी सुमारे चार हजारांचा मृत्यू हेही सांगितले, हळहळून सांगितले. पण चेरोकी हे फक्त चालणारे आणि मरणारे लोक म्हणून आले. त्यांच्याकडे सेकोयाने 1821 मध्ये पूर्ण केलेली स्वतःची लिपी होती, 1827 ची लिखित घटना होती, आणि 1828 पासून, म्हणजे ‘दर्पण’ निघण्याच्या चार वर्षे आधी, ते स्वतःच्या भाषेत वृत्तपत्र छापत होते. 1814 मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत हेच चेरोकी पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूने लढले होते आणि त्यांचा पुढचा प्रमुख जॉन रॉस त्या तुकडीत अधिकारी होता. 1832 मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांच्या न्यायालयाने जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकी मुलखात लागू नाहीत असा निकाल दिला, तरी तो अमलात आला नाही. डिसेंबर 1835 मध्ये न्यू एकोटा येथे, प्रमुखाला आणि राष्ट्रीय मंडळाला डावलून, मूठभरांच्या सह्यांनी तह करण्यात आला. त्याविरुद्ध पंधरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज रॉसने वॉशिंग्टनला नेला. सेनेटने तह आवश्यक दोन-तृतीयांश मतांपेक्षा केवळ एक मत अधिक पडून मान्य केला होता, आणि 1838 मध्ये सेनापती विनफील्ड स्कॉटची फौज लोकांना घरांतून काढू लागली.

साताऱ्यात बसून हे ऐकताना 1839 आठवू नये हे अशक्य होते. 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने ज्यांचे राज्य कंपनीने मान्य केले, त्या प्रतापसिंह महाराजांना वीस वर्षांनी, चेरोकींचे शेवटचे तांडे पश्चिमेला पोहोचले त्याच वर्षी, पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. त्यांचे वकील रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये अर्ज-विनंत्या करत राहिले, जसा रॉस वॉशिंग्टनमध्ये करत राहिला. दोघांनीही समोरच्याच्या कायद्याची भाषा शिकून त्याच्याच तहाचा कागद त्याच्यापुढे धरला. एका निवृत्त शिक्षिकेने हाच मुद्दा काढून विचारले, “सर, हे दोन्ही वकील एकाच काळात एकाच प्रकारची लढाई लढत होते असे म्हणता येईल का?” व्याख्याते म्हणाले, “बाई, प्रश्न चांगला आहे, पण आपल्या विषयाच्या बाहेर जातो.” माझ्या मते हा प्रश्न विषयाच्या गाभ्यात होता. दोन्हीकडे परिस्थिती तंतोतंत सारखी नव्हती. साताऱ्याची रयत गावाबाहेर हाकलली गेली नाही, राज्यकर्ता तेवढा बदलला. चेरोकींची तर अख्खी वस्तीच उठवली गेली. पण ही तफावत सांगण्यासाठीच तर तुलना करावयाची असते, आणि चार प्रश्नांची सवय लावलेल्या वर्गाने ती चांगली पेलली असती.

मेक्सिकोशी झालेले युद्ध उरलेल्या वीस-पंचवीस मिनिटांत आटोपले. टेक्ससचे 1836 चे बंड, 1845 चे विलीनीकरण, सप्टेंबर 1847 मध्ये त्याच विनफील्ड स्कॉटने घेतलेले मेक्सिको शहर आणि 2 फेब्रुवारी 1848 चा तह, ज्याने सुमारे 5,25,000 चौरस मैल मुलूख दीड कोटी डॉलरांच्या मोबदल्यात अमेरिकेकडे आला. कॅलिफोर्नियात सोने त्याच्या जेमतेम नऊ दिवस आधी सापडले होते आणि तह करणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते, हा तपशील ऐकून वर्ग चकित झाला. समुद्रमार्गे व्हेराक्रूझला उतरून राजधानीपर्यंत गेलेल्या स्कॉटची रसद कशी पोहोचली, हे विचारायला कोणालाच वेळ मिळाला नाही. 1848 च्या एप्रिलमध्ये प्रतापसिंहांच्या जागी गादीवर आलेले त्यांचे बंधू आप्पासाहेब महाराज निवर्तले, दत्तक नामंजूर झाला आणि सातारा खालसा झाला. त्याबद्दल अर्थातच काही बोलले गेले नाही.

आता व्यवस्थेविषयी. सभागृह हवेशीर आहे, पण पाऊस जोराचा असला की पत्र्यावरच्या आवाजात मागच्या दोन रांगांना ऐकू येत नाही, आणि ध्वनिक्षेपक असूनही व्याख्याते तो वापरत नाहीत. राजवाड्याजवळ रविवारी सकाळी दुचाकी लावायला जागा मिळते, चारचाकी आणण्याचा विचार करू नये. चहा वेळेवर आणि आल्याचा असतो. चुकलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर मिळते, मात्र फळ्यावरचे काही त्यात दिसत नसल्याने त्याचा उपयोग निम्माच होतो.

पुस्तिका सुमारे ऐंशी पानांची असून भाषा शुद्ध आणि सुबोध आहे. नावांचे देवनागरी लेखन मात्र पानागणिक बदलते, त्यामुळे एकच सेनापती दोन वेगळी माणसे वाटण्याचा धोका आहे. नकाशांचा संच ही या शुल्कातील सर्वांत चांगली वस्तू. सहा घडीचे नकाशे जाड कागदावर, नद्या ठळक निळ्या आणि मोहिमांच्या वाटा तारखांसह. त्यातील टिकॉन्डरोगा ते बॉस्टनचा नकाशा भिंतीवर लावण्याजोगा आहे. पश्चिमविस्ताराच्या नकाशावर मात्र 1783, 1803, 1819, 1845, 1846 आणि 1848 असे रंगीत तुकडे तेवढे आहेत, एकाही मूळनिवासी राष्ट्राचे नाव नाही. चेरोकी, क्रीक, शॉनी, लकोटा, कोमांचे यांची नावे फिकट अक्षरांत छापली असती तरी व्याख्यानातील पोकळी काही अंशी भरून निघाली असती, आणि छपाईचा खर्चही वाढला नसता.

परीक्षार्थींनी हा वर्ग केवळ गुणांसाठी लावू नये. घटना आणि सनावळ्या मिळतील, पण लिहिण्याचा सराव येथे करून घेतला जात नाही. युद्धशास्त्राची, रसद आणि राज्यव्यवहाराची गोडी असलेल्यांना पहिली पाच व्याख्याने निःसंकोचपणे सुचवतो. पुढील तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असून केवळ पहिल्या पाच व्याख्यानांसाठी 1200 रुपये भरण्याची सोय करण्याचा विचार चालू असल्याचे कार्यालयात सांगण्यात आले. त्यात नकाशांचा संच मिळणार की नाही हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. पूर्ण माला घेणाऱ्यांनी नोंदणीच्या वेळीच शेवटच्या तीन विषयांसाठी चार रविवार मागावेत. यंदा ही मागणी करणारे आम्ही पाच-सहा जण होतो, संख्या वाढली तर ती मान्य होण्यासारखी आहे.